केस लावून घेतले, आणि आता वाटतंय उगाच केलं

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले होते की हेअर ट्रान्सप्लांट केलेली बरीच माणसं माझ्याकडे पस्तावून येतात, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. आधीच सांगते, मी या ऑपरेशनच्या विरोधात नाही, मी स्वतः ते करते आणि योग्य माणसावर नीट केलं तर ते इतकं छान दिसतं की सांगितल्याशिवाय कुणाला कळतही नाही. शिवाय ज्याचं चांगलं झालं तो पुन्हा डॉक्टरकडे कशाला येईल, त्यामुळे माझ्यापर्यंत पोचतात ते बिघडलेलेच जास्त, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा. पत्रं थोडी छोटी केलीयेत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: डॉक्टर, मी आता ४३ वर्षांचा आहे. चोविसाव्या वर्षी ट्रान्सप्लांट केलं, तेव्हा फक्त कपाळाच्या दोन कोपऱ्यांतले केस मागे गेले होते. मला अगदी कॉलेजात होती तशी खाली, सरळ हेअरलाइन काढून दिली, पाच-सहा वर्षं मी प्रचंड खूश होतो. आता पुढे ती लावलेल्या केसांची पट्टी तशीच आहे आणि तिच्या मागे सगळं मोकळं. टोपीशिवाय बाहेर पडत नाही. माझं ऑपरेशन फेल झालं का?

उत्तर: नाही झालं, आणि वाईट त्याचंच वाटतं. लावलेला जवळजवळ प्रत्येक केस टिकलाय. बिघडलं ते बाकीच्या डोक्यावर, आणि ते बिघडू शकतं हे तुम्हाला चोविसाव्या वर्षी कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं.

पुरुषांना टक्कल पडतं ते डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे, टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं ते. ज्यांना आनुवंशिकतेने ते सोसत नाही त्यांच्या कपाळावरचा आणि टाळूवरचा केस दर फेरीला, म्हणजे गळून पुन्हा येताना, आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, आणि शेवटी नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या आणि कानांच्या वरच्या पट्ट्यातली मुळं मात्र त्या हार्मोनला दाद देत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली हे मांडलं की मागचं मूळ उचलून पुढे लावलं तरी ते आपला मागचाच स्वभाव ठेवतं, आणि आजचं सगळं ट्रान्सप्लांट त्याच गोष्टीवर उभं आहे. जाहिरातीत हे एवढंच सांगतात, की लावलेले केस कायमचे. शेजारच्या जुन्या केसांचं काय होणार ते सांगत नाहीत. ते त्यांच्या वाटेने जातच राहतात, ऑपरेशनने गळती एक दिवससुद्धा थांबत नाही. तुमच्या डोक्यावर नेमकं तेच झालंय.

दुसरी गोष्ट हिशोबाची. ट्रान्सप्लांटने एकही नवीन केस तयार होत नाही, मागचा पुढे येतो एवढंच, आणि मागे जिथून काढला तिथे परत उगवत नाही. मुळासकट उचललेल्या कातडीच्या बारीक तुकड्याला ग्राफ्ट म्हणतात, एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोन किंवा थोडे जास्त. बहुतेक लोकांच्या मागच्या पट्ट्यातून आयुष्यभरात मिळून साधारण ५ ते ६ हजार ग्राफ्ट सुरक्षितपणे काढता येतात, कुणाचे जास्त कुणाचे कमी. आता पूर्ण टक्कल पडलं तर उघडी पडणारी जागा २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि दाट डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये ७० ते ८० ग्राफ्टइतके केस असतात. निम्मीच दाटी द्यायची म्हटली तरी ७ ते ८ हजार ग्राफ्ट हवेत, म्हणजे गणित तिथेच तुटतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, तर तुमचं अंथरूण चोविसाव्या वर्षी कुणी मोजलंच नाही, सगळं पुढच्या ओळीवर खर्च करून टाकलं, तेही विशीतल्या चेहऱ्याला शोभेल अशा ओळीवर, जी पन्नाशीच्या चेहऱ्यावर विचित्र दिसते.

मला हे लिहिताना माझाच एक पेशंट डोळ्यासमोर येतोय. प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती, बावीस वर्षांचा मुलगा, रडकुंडीला आलेला, म्हणाला मॅडम खालीच काढा लाइन, नाहीतर उपयोग काय. मी काढली. त्याला जे हवं ते दिलं आणि मला वाटलं मी चांगलं काम केलं. बारा वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याने तक्रारही केली नाही, नुसती टोपी काढून बसला. त्या दिवशी त्याला मी एकच सांगू शकले की चूक तुझी नव्हती, तू बावीस वर्षांचा होतास, नाही म्हणायचं काम माझं होतं. तेच तुम्हालाही सांगतेय.

आता काय करता येईल ते. मागे अजून किती ग्राफ्ट शिल्लक आहेत ते मशीनखाली मोजून घ्या, अंदाजाने नाही. शिल्लक असतील तर पट्टीच्या लगेच मागची जागा विरळ का होईना भरता येते आणि भोवरा मोकळा सोडता येतो, मागे भोवऱ्यावर टक्कल असलेला माणूस कुणाला खटकत नाही, पुढे कुंपण आणि मागे मोकळं हेच खटकतं. शिल्लक नसतील तर खालच्या ओळीतले ग्राफ्ट एकेक करून परत काढून मागे लावता येतात, म्हणजे हेअरलाइनही वर जाते आणि केसही वाया जात नाहीत. मोजकेच असतील तर लेझरने किंवा इलेक्ट्रोलिसिसने घालवतात. पूर्ण डोकं भादरायचा विचार असेल तर आधी मागचा व्रण बघा, जुन्या पद्धतीत कातडीची पट्टी काढलेली असली तर या कानापासून त्या कानापर्यंत रेघ दिसेल, ती टॅटूसारख्या बारीक ठिपक्यांनी, ज्याला मायक्रोपिग्मेंटेशन म्हणतात, बरीच झाकता येते. यातलं काहीही केलं तरी डोकं चोविसाव्या वर्षासारखं होणार नाही, पण टोपी काढता येईल इतपत नक्की होतं, माझ्या त्या पेशंटची निघाली.

प्रश्न: ऑपरेशन होऊन ५ आठवडे झाले. लावलेले केस जवळजवळ सगळे गळाले आणि त्यांच्या आजूबाजूला आधीचे जे होते तेही विरळ झाले, म्हणजे ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाईट दिसतंय. रोज रात्री मोबाइलच्या टॉर्चने बघत बसतो. पैसे गेले, केस गेले, आता काय?

उत्तर: आता काही नाही, टॉर्च बंद करायचा. खरंच. दोन ते आठ आठवड्यांत लावलेल्या केसांची काडी गळून पडते, मूळ आत राहतं आणि विश्रांतीला जातं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कुरळट असे केस यायला लागतात, सहाव्या महिन्यात जेमतेम निम्मं चित्र दिसतं, बारा महिन्यांनी खरा रिझल्ट, आणि भोवऱ्यावर लावले असतील तर दीड वर्षसुद्धा लागतं. हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नसेल तर ती त्यांची चूक, पण यात तुमचं काही बिघडलेलं नाही.

जुने केस विरळ झाले त्याला शॉक लॉस म्हणतात, बाजूला एवढी टोचाटोची झाल्यामुळे ते घाबरून गळतात आणि बहुतेक काही महिन्यांत परत येतात, जे आधीच अगदी बारीक होऊन शेवटच्या फेरीत होते ते मात्र येत नाहीत कधीकधी. बधिरपणा, मुंग्या येणं, एखाददुसरी पुळी हे चालतं. दुखणं रोज वाढत असेल, पू येत असेल, ताप असेल, किंवा एखादा भाग काळा पडत असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा, रक्तपुरवठा तुटून कातडी मरण्याचे प्रकार क्वचित होतात, पण होतात. सिगारेट ओढत असाल तर बंद करा कारण तिने तोच रक्तपुरवठा आकसतो.

प्रश्न: एका दिवसात ५ हजार ग्राफ्ट लावून देतो म्हणाले. मोठे डॉक्टर सकाळी आले, पेनाने रेषा काढून गेले, मग दिवसभर चार मुलं-मुली काम करत होती, डॉक्टर परत दिसले नाहीत. आता दहा महिने झाले. पुढे बरे आलेत पण केस भलतीकडे वळलेले आहेत, आणि मागची बाजू कसर लागलेल्या स्वेटरसारखी दिसते. न्हाव्याने विचारलं काय झालं म्हणून, तेव्हा मला कळलं.

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या प्रकारचे पेशंट गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वाढलेत, आणि मला राग याचाच येतो, कारण यात टाळता न येण्यासारखं काहीच नव्हतं.

तुमचं ऑपरेशन एफयूई पद्धतीचं. २००२ मध्ये ही पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली गेली, साधारण ०.८ ते १ मिलिमीटरच्या पोकळ पंचने एकेक ग्राफ्ट सुटा काढायचा, पट्टी कापायची नाही, टाका नाही. लोक म्हणतात व्रणच पडत नाही, तसं नाहीये, हजारो बारीक गोल व्रण पडतात, पसरून काढले असतील तर केसांत दिसत नाहीत एवढंच. आपल्या डोळ्याला विरळपणा कळतो तोच मुळी साधारण निम्मे केस गेल्यावर, म्हणून हुशारीने, सगळीकडून थोडेथोडे काढले तर मागची बाजू तशीच वाटते. पण घाईत एकाच पट्ट्यातून उपसले की चट्टे पडतात. शिवाय ५ हजारांचा आकडा गाठायचा म्हणून मानेजवळून आणि कानांवरच्या पट्ट्याच्याही वरच्या काठावरून, म्हणजे सुरक्षित पट्ट्याच्या बाहेरूनही काढतात, आणि तिथले केस पुढेमागे गळणारेच असतात, मग ते कपाळावर लावले तरी तिथे जाऊन गळणार. घाईत पंच वाकडा गेला की मूळ आतच कापलं जातं, तो केस इथूनही गेला आणि तिथेही उगवला नाही. काढलेले ग्राफ्ट बाहेर तासन् तास पडून राहिले, सुकले, की मरतात. आणि तो ५ हजाराचा आकडा तरी ग्राफ्टचा होता की केसांचा, हे तुमच्या कागदावर बघा, केस मोजून ग्राफ्ट म्हणून बिल करणारे आहेत.

भलतीकडे वळलेल्या केसांचं कारण वेगळं. पुढच्या ओळीतला केस कातडीला जवळजवळ टेकून, पुढच्या दिशेने झुकलेला असतो, आणि अगदी पहिल्या एक-दोन रांगांत एकेरी केसाचेच ग्राफ्ट लावायचे असतात, तेही थोडे वेडेवाकडे, कारण निसर्गात सरळ रेघ नसते. ग्राफ्ट बसवायला कातडीत बारीक भोक पाडतात, ते कुठल्या कोनात पाडलं त्यावर हे ठरतं, आणि एकदा पाडलं की केस जन्मभर त्याच कोनात उगवतो, कितीही जेल लावा. टेक्निशियनने मदत करण्यात काही गैर नाही, ग्राफ्ट मायक्रोस्कोपखाली वेगळे करणं हे मी पण माझ्या टीमकडूनच करून घेते, पण भोकं पाडणं आणि मागून काढणं ही शस्त्रक्रिया आहे आणि ती डॉक्टरनेच करायला हवी. हेअर ट्रान्सप्लांट करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएसएचआरएस पण हेच सांगत आलीये आणि परवाना नसलेल्यांकडून ऑपरेशन करून घेऊ नका म्हणून मोहीम चालवतेय.

तुम्ही काय करा, तर वर्ष पूर्ण होईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका, फुकट करून देतो म्हणाले तरी, खास करून ज्यांनी बिघडवलं त्यांना तर नाहीच. मागचे केस बोटभर वाढवा, लहान केसांत चट्टे उठून दिसतात आणि लांबीत झाकले जातात. चट्ट्यांवर मायक्रोपिग्मेंटेशन चांगलं काम करतं. दाढी दाट असेल तर हनुवटीखालचे केस काढून मागच्या चट्ट्यांत भरता येतात, ते जाड असतात म्हणून कपाळावर चांगले दिसत नाहीत पण मागे मिसळून जातात. पुढच्या वाकड्या केसांपैकी सगळ्यात पुढची एक-दोन रांग काढून परत योग्य कोनात लावली तरी बराच फरक पडतो. आणि ऑपरेशनचे सगळे कागद, फोटो, पावत्या एका जागी ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर लागतील.

प्रश्न: माझ्या सख्ख्या भावाचे केस खूप दाट आहेत आणि तो द्यायला तयार आहे. त्याचे लावता येतील का?

उत्तर: नाही. तुम्ही दोघं एकसारखे जुळे असाल तरच. नाहीतर शरीर ते परकं म्हणून नाकारतं, आणि ते नाकारू नये म्हणून किडनी बदललेल्या पेशंटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतील, केसांसाठी तसं कुणी करू नये. भावाला मात्र माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: मी ३८ वर्षांची आहे. वर्षभरात भांग रुंद होत गेलाय, कपाळावरचे केसही मागे सरकल्यासारखे वाटतात. ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये गेले तर दहा मिनिटांत काउन्सेलरने सांगितलं २ हजार ग्राफ्ट लागतील, डॉक्टर ऑपरेशनच्या दिवशीच भेटतील. माझी एक मैत्रीण करून पस्तावलीये म्हणून विचारतेय.

उत्तर: बरं झालं विचारलंत. जिथे डॉक्टरने डोकं बघायच्या आधी ग्राफ्टचा आकडा ठरतो तिथून उठून यायचं, एवढं तर मी कुणालाही सांगेन. बायकांच्या बाबतीत तर जास्तच, कारण बायकांचे केस पुष्कळदा अख्ख्या डोक्यावर सारखेच विरळ होतात, मागची बाजूसुद्धा सुटत नाही, मग जिथून घ्यायचं तेच कमकुवत असेल तर लावलेलं टिकणार कसं. काही पुरुषांतही असं असतं, आणि ते न तपासता ऑपरेशन केलेले लोक दोन-तीन वर्षांत पुन्हा होते तिथेच येतात, वर मागचा व्रण असतो तो वेगळा.

आधी शोधायचं की केस गळतायत कशामुळे. बाळंतपण, मोठा ताप, ऑपरेशन, एकदम वजन उतरवणं याच्या दोन-तीन महिन्यांनी ढिगाने केस गळतात आणि कारण मिटलं की सहसा आपोआप परत येतात. थायरॉइड, शरीरातला लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन, हे तपासा. आणि तुम्ही कपाळावरचे मागे सरकले लिहिलंय म्हणून खास विचारते, भुवयाही विरळ झाल्यात का? कपाळाच्या काठाला खाज, आग, मुळांभोवती लालसर पापुद्रे आहेत का? फ्रंटल फायब्रोजिंग अलोपेशिया नावाचा एक आजार आहे, १९९४ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते आणि मुळाच्या जागी व्रण होतो. तो आजार जागा असताना तिथे ट्रान्सप्लांट केलं तर नवीन ग्राफ्टही तो खाऊन टाकतो. बाहेरून साध्या टकलासारखंच दिसतं, डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने बघितल्याशिवाय आणि कधीकधी छोटी बायोप्सी केल्याशिवाय कळत नाही. तुमच्या मैत्रिणीलाही हे तपासायला सांगा, तिचं असंच काही असेल तर उरलेले केस वाचवायला अजून वेळ आहे.

प्रश्न: माझ्या मुलाला विसावं लागलंय. कपाळ थोडं मोठं झालंय म्हणून त्याने ट्रान्सप्लांटचा हट्ट धरलाय, कॉलेजला जायचं बंद केलंय, आरशासमोरून हलत नाही. त्याचे बाबा म्हणतात थोबाडीत ठेवून द्या एक. मी मात्र त्याचे हाल बघून पैसे द्यायला तयार झालेय. चुकतेय का?

उत्तर: पैसे देऊ नका, आणि थोबाडीतही नको. विसाव्या वर्षी केस जाणं ही त्याच्यासाठी खरोखरची मोठी गोष्ट आहे, त्याला कुणी नाटक म्हणू नका, बाबांनाही हे वाचायला द्या.

आधी बघा की टक्कल पडतंय तरी का. सतरा ते तिशीच्या दरम्यान बहुतेक मुलांची हेअरलाइन थोडी वर जातेच, भुवया वर केल्या की कपाळावर जी सगळ्यात वरची आठी पडते तिच्या वर साधारण एका बोटाच्या रुंदीएवढी, आणि तिथे थांबते, त्याला टक्कल म्हणत नाहीत. डर्मोस्कोपखाली केस बारीक व्हायला लागलेले दिसले तरच पुढचं बोलायचं, आणि तेही औषधाचं, ऑपरेशनचं नाही. मिनोक्सिडिल डोक्याला लावायचं असतं, पहिल्या काही आठवड्यांत त्याने उलट जास्त गळल्यासारखं वाटतं, मुलं घाबरून तिथेच सोडतात, त्याला आधीच सांगून ठेवा. दुसरं फिनास्टेराइड, १ मिलिग्रॅमची गोळी, अमेरिकेत १९९७ मध्ये टकलासाठी मंजूर झाली, ती डीएचटी कमी करते आणि बहुतेकांची गळती रोखते. पण शंभरातल्या काही जणांना लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असे त्रास होतात, काही जण गोळी बंद केल्यावरही त्रास राहिल्याचं सांगतात, मनावर मळभ येणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येणं हेही नोंदवलं गेलंय. तुमच्या मुलाची मनःस्थिती आत्ताच अशी आहे तर ही गोळी डॉक्टरने त्याच्याशी एकट्याशी नीट बोलूनच द्यायची, मेडिकलमधून आणून नाही. आणि औषध सोडलं की गळती पुन्हा सुरू होते, हे दोन्ही औषधांचं.

ऑपरेशनची घाई मी एवढी का टाळतेय तर विसाव्या वर्षी त्याचं टक्कल कुठपर्यंत जाणार हे कुणालाच दिसत नाही, वरच्या पत्रातले ४३ वर्षांचे गृहस्थ त्याला वाचून दाखवा. आणि कॉलेज बंद झालंय त्याबद्दल आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, केसांच्या डॉक्टरच्या आधी, लाजू नका.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांनी तरुणपणी केस लावून घेतले होते, ते बाहुलीच्या डोक्यासारखे झुबक्या-झुबक्यांनी उगवलेत. आयुष्यभर त्यांनी कधी त्याबद्दल बोलू दिलं नाही, आता परवा स्वतःच म्हणाले की हे काढता येईल का रे. या वयात करावं का?

उत्तर: त्यांनी इतक्या वर्षांनी तोंड उघडलंय ना, तर जरूर दाखवा. तेव्हाची पद्धतच तशी होती, ४ मिलिमीटरचा गोल तुकडा काढायचा, त्यात पंधरा-वीस केस एकत्र, आणि तसाच पुढे बसवायचा. एकेका ग्राफ्टचे सुटे तुकडे करून लावायची पद्धत १९९० च्या दशकात रुळली. म्हणजे त्यांना कुणी फसवलं नव्हतं, त्या काळात सगळ्यात चांगलं तेच मिळत होतं, हे त्यांना सांगा, पुष्कळ जणांना तेवढ्यानेही हलकं वाटतं. ते झुबके काढून, मायक्रोस्कोपखाली सुटे करून त्याच डोक्यावर परत लावता येतात, दोन-तीन बैठका लागतात. जागेवर भूल देऊन होतं, त्यामुळे नुसतं वय आड येत नाही, पण रक्त पातळ करायची गोळी, बीपी, साखर हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे, अ‍ॅडव्हान्स भरलाय. आता मन मागे येतंय. काय विचारू त्यांना?

उत्तर: मागची बाजू कोण काढणार आणि भोकं कोण पाडणार, नावानिशी विचारा. किती ग्राफ्ट काढणार आणि त्यानंतर किती शिल्लक राहतील तेही, शिल्लकेचं उत्तर नसेल तर मोजलेलंच नाही. उद्या माझं पूर्ण टक्कल पडलं तर ही हेअरलाइन कशी दिसेल, ते कागदावर काढून दाखवा म्हणा. आधीच्या पेशंटचे वर्षभरानंतरचे फोटो मागा, ओल्या केसांचे, उजेडातले, मागच्या बाजूचेसुद्धा. यातल्या एकालाही सरळ उत्तर मिळालं नाही तर अ‍ॅडव्हान्स सोडा. मन मागे येतंय म्हणून पुढे ढकलायला तर कारणही लागत नाही, तुमचे मागचे केस कुठे पळून जात नाहीत, सहा महिन्यांनीही तिथेच असतील.

प्रश्न: डॉक्टर, माझं ऑपरेशन चांगलं झालंय. सगळे म्हणतात, बायको म्हणते, दुसऱ्या दोन डॉक्टरांनीही सांगितलं. दीड वर्ष झालं. तरी मला आरशात फक्त कमी केसच दिसतात, दिव्याखाली टाळू दिसते, पावसात तर विचारू नका. अजून एक ऑपरेशन करून घ्यावं म्हणतोय. मी खूश का नाही?

उत्तर: तुमचे फोटो मी बघितले, काम खरंच चांगलं आहे. दिव्याखाली टाळू दिसते कारण लावलेली दाटी मूळच्या दाटीच्या निम्मीच असते, चौरस सेंटिमीटरला ३५-४० ग्राफ्ट, आणि ती दाट वाटते ती केस कोरडे आणि विंचरलेले असताना. ओले झाले की केस चिकटून एकत्र येतात आणि मधली कातडी दिसते, हे कुणाचंही दिसतं. दुसरं ऑपरेशन करून यात थोडा फरक पडेल, पण मागचे जे दोन हजार ग्राफ्ट उरलेत ते भोवऱ्यासाठी लागणार आहेत, आत्ता पुढे घालू नका.

पण मला तुमच्या पत्रातली दुसरी ओळ जास्त खटकली, जी मी वर छापली नाही, की तुम्ही दिवसातून किती वेळा फोटो काढून जुन्या फोटोंशी जुळवता. काही माणसांना स्वतःच्या एखाद्या लहानशा उणिवेचा असा ध्यास लागतो की तासन् तास त्यातच जातात, त्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, आणि त्यात ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी समाधान होत नाही, उलट लक्ष दुसऱ्या उणिवेवर जातं. तुम्हाला तेच आहे असं मी पत्रावरून म्हणत नाही, म्हणूही नये. पण आधी मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्या, बोलण्याच्या उपचाराने, गरज पडली तर औषधाने हे पुष्कळ कमी होतं. केस लावायच्या आधी तुम्हाला काय वाटत होतं, केस आले की काय बदलेल, नोकरीत, घरात, लोकांत, ते एका कागदावर लिहून त्या डॉक्टरांकडे घेऊन जा. बायकोलाही बरोबर न्या, तिने तुमच्यासोबत ही दीड वर्षं काढलीयेत, तिला सांगण्यासारखं बरंच असेल. दुसऱ्या ऑपरेशनचं आपण त्यानंतर सहा महिन्यांनी बोलू, मी तुमचे फोटो जपून ठेवलेत.